पेनड्राइव्हमध्ये जागा आहे, तरी बॅकअपची फाइल कॉपी होत नाही

चिपळूणला बाजारपेठेत आमचं दुकान. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आत शिरलं, तेव्हापासून हिशेबाचा बॅकअप रोज पेनड्राइव्हवर घेऊन वरच्या आळीतल्या घरी नेतो.

गेल्या महिन्यात ३२ जीबीचा पेनड्राइव्ह अर्धा रिकामा असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश यायला लागला. जुन्या फाइली उडवल्या, यूएसबीचं भोक बदललं, नवा पेनड्राइव्हही आणला. तेच. चार रात्री डोक्याला ताप!

दोष पेनड्राइव्हच्या फॉरमॅटचा होता. तो फॅट३२ या फाइली साठवायच्या जुन्या पद्धतीत होता. तिच्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, आणि स्कॅन केलेल्या बिलांमुळे आमची बॅकअपची झिप (सगळ्या फाइली एकत्र दाबून केलेली एक फाइल) ती हद्द ओलांडून गेली होती.

आधी पेनड्राइव्हवरचं सगळं कॉम्प्युटरवर उतरवा, कारण फॉरमॅट केल्यावर तो कोरा होतो. मग विंडोजच्या ‘धिस पीसी’मध्ये त्याच्यावर राइट क्लिक, ‘फॉरमॅट’. ड्राइव्हचं अक्षर दोनदा बघा. ‘फाइल सिस्टिम’मध्ये एनटीएफएस (या पद्धतीत ४ जीबीची हद्द नाही) निवडा, ‘क्विक फॉरमॅट’ची खूण राहू द्या, ‘स्टार्ट’. मग झिप कॉपी करा आणि ‘इजेक्ट’ करूनच काढा.

घरच्या लॅपटॉपवर झिप उघडून दोन बिलं पाहिली. उघडली.