कॉमिक्सचं झीन काढताय? या चुका टाळा

कॉमिक्सचं झीन, म्हणजे स्वतःच काढून छापलेली छोटी अंकवजा पुस्तिका, कच्च्या चित्रांमुळे क्वचितच बंद पडतं. बहुतेक वेळा पहिल्या अंकातच काढणाऱ्याची दमछाक होते आणि दुसरा अंक निघत नाही. डोक्यात दोनशे पानांची गाथा असते, त्यातली बारा पानं कशीबशी पुरी होतात आणि खाली ‘क्रमशः’ लिहून अंक छापला जातो. पहिल्या अंकात ‘क्रमशः’ नकोच, असं माझं ठाम मत आहे. चार पानांची असली तरी पुरी गोष्ट द्या. तीच पात्रं पुढच्या अंकात दुसऱ्या गोष्टीत आणता येतात.

पानं मोजायला लोक छपाईच्या दिवशी बसतात. मधल्या घडीवर पिना मारायच्या असतील, तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी. चौदा पानं काढलीत, तर दोन कोरी राहणार. त्याहून जास्त गोंधळ क्रमाचा होतो. सोळा पानी अंकात पहिलं आणि सोळावं पान कागदाच्या एकाच बाजूला शेजारी-शेजारी येतात, दुसरं आणि पंधरावं त्यांच्या पाठीवर. बेरीज नेहमी सतरा. हे पाठ करण्यापेक्षा कोरे कागद दुमडून डमी बनवा, पेन्सिलीने आकडे टाका आणि उलगडून पाहा. पाठची बाजू उलटी छापली जात असेल, तर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागद लांब कडेऐवजी आखूड कडेवर पलटायला सांगा. एवढीही झंझट नको असेल, तर एकाच ए-४ कागदाला घड्या घालून मध्ये एक चीर दिली की बिनपिनांचं आठ पानी झीन तयार होतं. सुरुवातीला मी हेच सुचवेन.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो करड्या छटांसाठी. रात्र-रात्र बसून केलेलं पेन्सिलीचं शेडिंग झेरॉक्समध्ये उडून जातं, गडद भाग काळाठिक्कर होतो. झेरॉक्सवर काढायचं असेल, तर सावली रेघांनी किंवा ठिपक्यांनी द्या. ठिपक्यांचं तयार टेक्स्चर वापरून नंतर पान लहान केलंत, तर नको असलेली जाळी उमटते. म्हणून टेक्स्चर छापायच्या आकारातच टाका. नुसत्या शाईच्या रेघा ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, छटा असलेलं चित्र ३००ला. रंगीत छपाईत अक्षरांभोवती रंगीत कड दिसत असेल, तर ती चार शाया मिसळून छापली गेली आहेत. अक्षरांना फक्त काळी शाई द्या.

ए-४वर काढलेलं पान ए-५ला नेलं की त्याची लांबी-रुंदी सुमारे ७१ टक्के उरते. मूळ पानावर ठसठशीत दिसणारी अक्षरं तेव्हा बारीक होतात, जोडाक्षरं बुजतात, अनुस्वार शाईत हरवतो. एक पान खऱ्या आकारात छापून हातभर अंतरावरून वाचा. संवादांचे फुगे चित्राच्या आधी आखा. आधी बोलणारं पात्र डावीकडे नसेल, तर संवाद उलटा वाचला जातो. मजकूर कडेपासून निदान ५ मिमी आत ठेवा आणि कडेपर्यंत जाणारं चित्र कापण्यासाठी ३ मिमी बाहेर वाढवा.

बंद पडलेलं झीन पुन्हा सुरू करताना चुका वेगळ्या होतात. पहिलं पान माफीनाम्यात घालवू नका. नवा वाचक गोष्टीसाठी आलेला असतो. जुना आकार, जुनी पानसंख्या, जुनं वेळापत्रक यांचाही हट्ट सोडा. अमेरिकेत हर्नांडेझ बंधूंनी ‘लव्ह अँड रॉकेट्स’ या आपल्या कॉमिक्सचा पहिला अंक १९८१ मध्ये स्वतःच छापला. १९९६ मध्ये पन्नासाव्या अंकावर ते थांबले, काही वर्षांनी लहान आकारात परतले, २००८ पासून वार्षिक झाले आणि २०१६ मध्ये पुन्हा मासिकाच्या मोठ्या आकारात आले. पात्रं तीच, पण प्रत्येक वेळी आकार-वेळापत्रक नवं. म्हणून तुम्हाला वर्षाला एकच अंक झेपत असेल, तर तो वार्षिक म्हणूनच काढा.

जुनी पानं पुन्हा छापणार असाल, तर त्या वेळच्या प्रत्येक चित्रकाराला आणि लेखकाला विचारा, तेव्हा तोंडी होकार मिळाला असला तरी. आणि तारीख जाहीर करायची ती शेवटच्या पानावरची शाई वाळल्यावर.