जुनी व्हीलचेअर घेताना आधी ती कलंडवून बघा

बाबांसाठी पहिली इलेक्ट्रिक व्हीलचेअर सेकंडहँड घेतली, तेव्हा जॉयस्टिकवरचे बॅटरीचे सगळे दिवे छान लागत होते. विकणाऱ्याने रिकाम्या खुर्चीला दोन गिरक्या मारून दाखवल्या आणि मी पैसे मोजून मोकळी झाले. घरी बाबा बसले, दहाव्या मिनिटाला खुर्ची ठप्प. सीटखालचं झाकण उघडलं तर बॅटरीवरच्या तारखेवर कोरं स्टिकर. नखाने खरवडलं, तर बॅटरी ५ वर्षांची!

तेव्हापासून ओळखीत कुणाला खुर्ची घ्यायची असली की मला सोबत नेतात.

नुकतीच चार्ज केलेली असेल तर थकलेली लेड-ॲसिड बॅटरीसुद्धा सगळे दिवे दाखवते. तिचं पितळ उघडं पडतं ते वजन आल्यावर. बऱ्याचशा इलेक्ट्रिक खुर्च्यांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात आणि त्यातली एक निकामी झाली की दुसरी चांगली असून काही उपयोग नाही. म्हणून माणूस बसवून निदान २० मिनिटं चालवा, चढावरही न्या. चढावर दिवे झपकन उतरले आणि सपाटीवर परत वर आले, तर नव्या बॅटऱ्यांचा खर्च आत्ताच किमतीत धरा.

जाहिरातीतल्या फोटोवर जाऊ नका, तो कुणाचाही उचललेला असू शकतो. व्हिडिओ कॉलवर खुर्ची कलंडवायला सांगा आणि फ्रेमवरचा सिरियल नंबर दाखवायला लावा. तो कंपनीला कळवून विचारा. चोरीची किंवा भाड्याने आणलेली खुर्चीही लोक विकतात. नंबर खरवडलेला असेल तर बोलणंच थांबवा.

‘अजून दोघं बघून गेलेत, टोकन पाठवा’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. माणूस घरात अडकलेलं असलं की आपल्याला घाई असते, आणि ती विकणाऱ्यांना बरोबर कळते. बसून बघितल्याशिवाय पैसे नाहीत. आणि आपली जुनी खुर्ची विकताना कुणी ‘पैसे जमा व्हायला पिन टाका’ म्हणालं, तर फोन ठेवून द्या. पैसे यायला पिन लागत नाही.

नवीन घेतानाही फसगत होते, फक्त जरा गोड बोलून. दुकानात जी साइज पडून असेल ती गळ्यात मारतात. बसलेल्या माणसाची रुंदी जिथे सर्वात जास्त, ती मोजा, त्यात अडीच ते पाच सेंटीमीटर मिळवा, तेवढीच सीट घ्या. बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या. बॅटरीची वॉरंटी बहुधा वेगळी आणि कमी असते, तीही लेखी मागा.

दुसऱ्या वेळी बाबांनाच घेऊन गेले. विकणारा बिल शोधत होता, तोवर बाबा उतारावर तीनदा वर-खाली करून आले आणि म्हणाले, “डावीकडे ओढतेय गं.” ती घेतली नाही.