गावच्या शाळेत शाश्वत विकासाचे शिक्षण : आखणी कशी करावी, निधी कोठून उभारावा

शाश्वत विकासासाठीचे शिक्षण, म्हणजे पाणी, जमीन, जंगल पुढच्या पिढ्यांनाही पुरेल अशा रीतीने जगायला शिकवणे, हा विषय कागदावर आपल्याकडे नवा नाही. पर्यावरण हा शालेय शिक्षणाचा अनिवार्य भाग असावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच दिला होता. संयुक्त राष्ट्रांनी २००५ ते २०१४ हे दशक याच विषयाला वाहिले, आणि २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांतील लक्ष्य ४.७ मध्ये त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. तरीही एखाद्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षकांनी वा गावातील छोट्या संस्थेने हे काम हाती घ्यायचे ठरवले, की पहिला प्रश्न बहुधा निधीचा निघतो आणि मुले नेमके काय शिकणार, हे मागे पडते. हा क्रम उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे. शिकण्याचा आराखडा पक्का असेल तर निधी मागणे सोपे जाते. आराखड्याविना आलेला निधी रंगवलेल्या भिंती, फलक आणि पाण्याअभावी वाळलेली रोपे यांवर खर्च होऊन जातो.

आरंभ गावातील एकाच प्रश्नापासून करावा. महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात हा प्रश्न बहुतेक वेळा पाण्याचा असतो. कोकणात तो कचऱ्याचा किंवा खाडीचा, तर विदर्भात जंगलाचा असू शकतो. पाण्याचेच उदाहरण घेऊ. जूनच्या आरंभी शाळेच्या मोकळ्या जागेत, झाडे आणि भिंती यांपासून दूर, साधा पर्जन्यमापक बसवावा आणि पाचवी ते आठवीच्या मुलांनी रोज सकाळी ठरलेल्या वेळी त्याची नोंद घ्यावी. गावातील कठडा असलेल्या दोन-तीन विहिरी निवडून, मोठी माणसे सोबत असतानाच, वजन बांधलेल्या दोराने पाण्याची पातळी मोजावी. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. शाळेनेही निदान याच महिन्यांत नोंद घेतली, तर मुलांचे आकडे शासकीय आकड्यांशेजारी मांडून पाहता येतात आणि दोहोंत फरक आढळला तर तो का, हा विज्ञानाच्या तासाचा उत्तम विषय होतो.

एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडले, एवढे सूत्र हाती आले की गणिताला अर्थ येतो. शंभर चौरस मीटर छपराच्या शाळेवर वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर ६०,००० लिटर पाणी पडते; त्यातले वीस टक्के वाया जाते असे धरले तरी ४८,००० लिटर उरते. १२० मुलांना पिण्यासाठी व हात धुण्यासाठी प्रत्येकी रोज तीन लिटर पाणी लागते असे मानल्यास हे पाणी १३३ दिवस पुरते. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आहेत. म्हणजे उरलेल्या ६७ दिवसांचे काय, हा प्रश्न मुले स्वतःच विचारतात. सगळे पाणी साठवायला टाकी किती मोठी लागेल, की पावसाळ्यातच बरेचसे वापरले जाणार असल्याने लहान टाकी पुरेल, याचेही गणित त्यांच्याकडूनच करून घ्यावे. हिवरे बाजारच्या ग्रामसभेत पावसाच्या मोजणीवरून वर्षाच्या पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यानुसार पिकांचा विचार होतो. आपल्या गावाचा असा ताळेबंद आठवीच्या मुलांनी ग्रामसभेत वाचून दाखवणे, हे या अभ्यासाचे पहिल्या वर्षाचे उद्दिष्ट ठेवावे.

यासाठी वेगळा तास मागण्याची गरज नाही. परिसर अभ्यास, भूगोल आणि गणित यांत हे सामावते, आणि नववी-दहावीला तर जलसुरक्षा हा विषयच आहे. हाताने काम करत शिकण्याची परंपराही आपल्याच मातीतली आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला आणि तेथून मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम अनेक माध्यमिक शाळांत पोहोचला. आठवड्यातील एक दिवस मुले शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, अभियांत्रिकी आणि गृह-आरोग्य या विभागांत प्रत्यक्ष काम करतात, गावातील कारागीर त्यांना शिकवतात, आणि मुले गावाला उपयोगी सेवा देऊन साहित्याचा काही खर्च भरून काढतात. निधीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ही रचना जवळून पाहावी, कारण शिक्षण आणि खर्चाची भरपाई यांची सांगड तिथे अभ्यासक्रमातच घातलेली आहे.

खर्चाचे दोन भाग

अंदाजपत्रक करताना एकदाच होणारा खर्च आणि दरवर्षी येणारा खर्च वेगळा मांडावा. टाकी, पन्हळी, कुंपण, परसबागेचे पाइप हे पहिल्या भागात येतात. नोंदवह्या, पाणी तपासणीचे संच, दुरुस्ती, क्षेत्रभेटीचा प्रवास, कारागिरांचे मानधन आणि शिक्षकांचे प्रशिक्षण हे दुसऱ्या भागात येतात. देणगीदारांना पहिला भाग आवडतो, कारण त्यावर नावाची पाटी लावता येते. प्रकल्प बंद पडतात ते मात्र दुसऱ्या भागासाठी पैसे नसल्यामुळे. म्हणून दरवर्षीचा खर्च शक्य तितका सार्वजनिक निधीतून आणि गावाच्या वर्गणीतून भागवावा आणि एकदाच्या खर्चासाठी बाहेरचा निधी मागावा.

सार्वजनिक निधीचा मार्ग शाळा व्यवस्थापन समितीतून जातो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात, आणि कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा तयार करणे ही तिची जबाबदारी आहे. आपला उपक्रम या आराखड्यात समितीच्या ठरावासह लिहिलेला असला पाहिजे. एरवी तो एका हौशी शिक्षकाचा खासगी उपक्रम ठरतो. समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदान विद्यार्थीसंख्येनुसार मिळते आणि त्यातील किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. हात धुण्याची जागा आणि सांडपाण्याचा परसबागेसाठी वापर या बाबी त्यात बसवता येतात. परसबागेतील भाजी पोषण आहारात वापरली, तर बाग जगवण्याचे कारण स्वयंपाकघरातच तयार होते.

ग्रामपंचायतीकडे मात्र वेळेवर जावे लागते. पुढील वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा २ ऑक्टोबरच्या सुमारास आकार घेऊ लागतो, म्हणून समितीचा ठराव आणि एक पानाचे अंदाजपत्रक सप्टेंबरमध्येच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) द्यावे. हे आराखडे आता शाश्वत विकास उद्दिष्टांवर आधारलेल्या नऊ संकल्पनांनुसार केले जातात आणि त्यांत बालस्नेही, जलसमृद्ध तसेच स्वच्छ व हरित गाव या संकल्पना आहेत. आपल्या मागणीत त्याच शब्दांचा उल्लेख करावा. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के भाग स्वच्छता, पिण्याचे पाणी आणि पर्जन्यजल संकलन यांसाठी बंधित ठेवला होता. चालू वर्षासाठी कोणते निकष आहेत, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून लेखी समजून घेऊन मगच मागणीपत्र लिहावे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी असते, तिचाही विचार व्हावा.

कंपन्या आणि परगावची माणसे

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर (सीएसआर) खर्च करावे लागतात. शिक्षण आणि पर्यावरण हे दोन्ही विषय त्या यादीत आहेत. कंपनी हा खर्च संस्थेमार्फत करते तेव्हा त्या संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी असावी लागते, त्यामुळे शाळेने अशी नोंदणी असलेल्या स्थानिक विश्वस्त संस्थेला आधीच सोबत घ्यावे. मागणी एका वर्षाची करू नये. नियमांनुसार चालू प्रकल्प सुरुवातीचे वर्ष वगळून आणखी तीन वर्षे चालू शकतो. म्हणून प्रस्ताव बहुवर्षीय करावा, त्यात प्रशिक्षण आणि देखभाल यांच्या रकमा स्पष्ट लिहाव्यात, आणि मुलांच्या एका वर्षाच्या नोंदी जोडाव्यात. छायाचित्रांपेक्षा या नोंदी अधिक बोलतात.

परदेशी गेलेले माजी विद्यार्थी मदत करू इच्छितात तेव्हा नागरिकत्व आधी विचारावे. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय देणगी मानली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची देणगी मात्र ‘एफसीआरए’ (परकीय देणग्यांचे नियमन करणारा कायदा) खालील परवानगी असलेल्या संस्थेलाच स्वीकारता येते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती पुढे दुसऱ्या संस्थेला वळवता येत नाही. आपुलकीने आलेली रक्कम कायद्याच्या अडचणीत सापडू नये, यासाठी ही चौकशी संकोच न बाळगता करावी.

जमाखर्च दर तीन महिन्यांनी शाळेच्या फलकावर लावावा आणि वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचावा. शिक्षकांची बदली होणार हे गृहीत धरून पर्जन्यमापकाच्या नोंदवह्या, विहिरींचा नकाशा, मोजणीची पद्धत, ठरावांच्या प्रती आणि देणगीदारांशी झालेला पत्रव्यवहार यांची एक प्रत शाळेत आणि एक समितीच्या अध्यक्षांकडे ठेवावी. बदलीचा आदेश आल्यावर जुन्या शिक्षकांनी नव्या शिक्षकांसोबत एकदा तरी सर्व विहिरींची फेरी करावी, आणि सातवी-आठवीच्या मुलांना या फेरीत बरोबर घ्यावे, कारण मोजणीची पद्धत त्यांनाच सर्वांत चांगली ठाऊक असते.