बीपीची गोळी चालू आहे तरी बीपी उतरत नाही? आधी या चुका टाळा

सोलापुरात मेडिकलच्या काउंटरवर बसलं की ही तक्रार रोज कानावर येते, "गोळ्या वाढवल्या, मीठ कमी केलं, तरी वरचं १६० च्या खाली येईना झालंय." आणि लगेच पुढचं, टेन्शनच असेल. टेन्शनचा वाटा असतो, नाही असं नाही, पण बीपी दिवसरात्र सांभाळणारी मोठी यंत्रणा किडनी आणि तिच्या वरच्या अंगाला असलेल्या ॲड्रिनल ग्रंथी यांची आहे, आणि ती कशी चालते हे थोडं जरी कळलं तरी आपण कुठे चुकतोय ते दिसायला लागतं. म्हणून आधी तेवढं सांगतो.

१८९८ मध्ये स्टॉकहोमला टिगरस्टेड आणि बर्गमन या दोघांनी सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला तर त्याचं बीपी चढलं, त्या पदार्थाला त्यांनी रेनिन नाव दिलं. पुढे बरीच वर्षं त्याकडे कुणी फारसं बघितलंच नाही. मग १९३४ मध्ये अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी चिमट्याने थोडी आवळली आणि सगळ्या अंगाचं बीपी वाढलं. रक्त कमी आलं की किडनीला वाटतं अंगातलं पाणीच आटलं, आणि नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं म्हणून आपण जसं हाताला लागेल ते भांडं भरून ठेवतो तशी ती मीठ-पाणी साठवायला लागते. रेनिन सुटतं, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होतं, ते रक्तवाहिन्या आवळतं आणि ॲड्रिनलमधून अल्डोस्टेरॉन सोडायला लावतं, आणि अल्डोस्टेरॉन मीठ अंगात धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीवाटे घालवतं. ही साखळी लक्षात ठेवा, खालच्या बहुतेक चुका हिच्याशीच येऊन भिडतात.

आधी मोजण्याचं बघू, कारण कधीकधी बीपी वाढलेलंच नसतं. जिना चढून आले, मशेरी लावून झालेली, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला आणि मोजताना शेजारच्याशी गप्पा चालू, मग आकडा वर येणारच. तंबाखू, बिडी, चहा झाल्यावर अर्धा तास जाऊ द्या, लघवी करून या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, पायावर पाय नको, हात टेबलावर छातीच्या उंचीला. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो, लहान पट्ट्याने आकडा खोटा वाढून येतो. घरी सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजा, पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर असेल तर ते वाढलेलं धरतात, दवाखान्यात हाच आकडा १४०/९० आहे.

आणि एक आकडा १८० दिसला म्हणून जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडू नका हो, ही जुनी सवय अजून गेलेली नाही. बीपी धाडकन कोसळतं आणि मेंदूला-हृदयाला रक्त कमी पडतं. छातीत दुखतंय, तोंड वाकडं झालंय, बोबडी वळलीये, दम लागलाय, यातलं काही असेल तर थेट हॉस्पिटल. काहीच त्रास नसेल तर पाच मिनिटं बसून परत मोजा आणि डॉक्टरांना फोन करा.

"आता नॉर्मल आलंय की, मग गोळी कशाला खायची?" हे वाक्य तर पाठ झालंय. अहो, नॉर्मल आलंय ते गोळीमुळेच. साखळी तिथेच आहे, गोळीने फक्त अडवून धरलीये. क्लोनिडिन आणि ॲटेनोलॉलसारख्या गोळ्या तर एकदम बंद केल्या की बीपी किंवा ठोके उसळून वर येतात. गोळी कमी करायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू.

आता ज्या चुकीबद्दल मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय ती, अंगदुखीची गोळी. आपल्याकडे बिडी वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून तासन् तास बसतात, मान आणि खांदे भरून येतात, मग दुकानात येऊन "अण्णा, ती दुखायची गोळी द्या दोन." दोनाच्या दहा होतात, दहाची सवय होते. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या किडनीतली प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बंद पाडतात, आणि किडनीचा रक्तपुरवठा खुला ठेवायचं, जास्तीचं मीठ बाहेर टाकायचं काम तीच करत असतात. ती थांबली की मीठ साठतं, बीपी वाढतं, आणि बीपीच्या बऱ्याच गोळ्यांचा जोरही कमी होतो. यंत्रमागावर उभं राहून गुडघे गेलेल्या लोकांचंही तेच. डॉक्टरांना मात्र यातलं काहीच माहीत नसतं कारण ही गोळी चिठ्ठीवर नसते, ते बीपीची गोळी वाढवत राहतात. मावशी, काका, सगळ्यांना सांगणं आहे, दवाखान्यात जाताना दुकानातून स्वतःहून घेतलेल्या गोळ्यांच्या पट्ट्यासुद्धा पिशवीत टाका. पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरी, पण तिलाही सूट नाही, २०२२ मध्ये एडिनबराच्या अभ्यासात बीपीवाल्यांना दोन आठवडे रोज ४ ग्रॅम दिली तर वरचं बीपी सुमारे ५ ने वाढलं होतं.

दुसरी अशीच लपलेली गोष्ट खोकल्यातून सुरू होते. एनालाप्रिल, रामिप्रिल, म्हणजे नावाच्या शेवटी "प्रिल" असलेल्या गोळ्या ब्राझीलच्या जराराका नावाच्या सापाच्या विषावर झालेल्या संशोधनातून आल्या, सर्जिओ फेरेरा यांनी १९६५ मध्ये त्या विषात ब्रॅडीकायनिनचा, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या अंगातल्या द्रव्याचा, परिणाम वाढवणारं द्रव्य दाखवलं आणि त्याच धाग्यावरून पुढे कॅप्टोप्रिल बनलं, ते १९८१ मध्ये बाजारात आलं. प्रिल गोळी अँजिओटेन्सिन बनू देत नाही पण ब्रॅडीकायनिन मात्र अंगात वाढतं, आणि त्यामुळे काही जणांना कोरडा, घसा खवखवणारा खोकला लागतो, तो सिरपने जात नाही. मग माणूस काय करतो, ज्येष्ठमधाची काडी चघळतो, घरचं औषध, त्याने काय होतंय! होतं असं की आपल्या अंगातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ॲड्रिनलचंच दुसरं हार्मोन, तेसुद्धा अल्डोस्टेरॉनच्या जागी जाऊन बसू शकतं, ते बसू नये म्हणून किडनीत एक एन्झाइम पहारा देतं, आणि ज्येष्ठमध नेमकं त्या एन्झाइमला अडवतं. मग अल्डोस्टेरॉन वाढलेलं नसतानाही किडनी मीठ धरते, पोटॅशियम घटतं, पायात गोळे येतात आणि बीपी चढतं. म्हणजे गोळीने खोकला, खोकल्यासाठी ज्येष्ठमध, ज्येष्ठमधाने बीपी, बीपीसाठी अजून गोळी. एखाद्या दिवशी छोटा तुकडा चघळल्याने काही होत नाही, आठवडेच्या आठवडे रोज चघळणं, काढ्यात घालणं हे घातक. खोकला प्रिलचा असेल तर डॉक्टर "सार्टन" गटातली गोळी देतात, लोसार्टन, टेल्मिसार्टन, त्यात हा खोकला सहसा येत नाही. मात्र गरोदर असाल किंवा मूल हवं असेल तर प्रिल आणि सार्टन दोन्ही चालत नाहीत, हे आधी सांगा.

मिठाबद्दल. "आम्ही सैंधव खातो" याने बीपीला काही फरक पडत नाही, सैंधवही बहुतांश सोडियम क्लोराइडच आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात भाजी, लोणचं, पापड, फरसाण, कडक भाकरीबरोबरची शेंगाचटणी सगळं आलं. चटणी सोडा असं मी सोलापुरात राहून म्हणणार नाही, घरी कुटताना मीठ कमी टाका आणि चिमूटभरच वाढून घ्या. पोटॅशियमवालं लो सोडियम मीठ चांगलं आहे, चीनमध्ये ६०० गावांत केलेल्या आणि २०२१ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात त्याने लकवा १४ टक्क्यांनी कमी झाला. पण किडनीचा आजार असेल किंवा प्रिल, सार्टन, स्पायरोनोलॅक्टोन (अल्डोस्टेरॉनला अडवणारी गोळी) चालू असेल तर विचारल्याशिवाय आणू नका, पोटॅशियम जास्त वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

एप्रिल-मे मधलं वेगळंच. पारा ४३-४४ ला, माणूस घामाने निथळतोय, त्यात जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि पोटात सार्टन, पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी आणि वरून अंगदुखीची गोळी. हे तीन एकत्र किडनीला झेपत नाहीत, अंग आटलेलं असताना तर नाहीच. जुलाब लागले, लघवी कमी झाली, उठताना चक्कर यायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा की बीपीच्या कुठल्या गोळ्या थोडे दिवस थांबवायच्या.

आणि एवढं सगळं नीट करूनही बीपी हटत नसेल तर? तर मग ग्रंथीच तपासायला पाहिजे. १९५४-५५ मध्ये मिशिगनला जेरोम कॉन यांच्याकडे ३४ वर्षांची एक बाई आली होती, हातापायांत ताकद नाही, गोळे येतात, बीपी जास्त, पोटॅशियम खूप कमी. ॲड्रिनलवर जास्तीचं अल्डोस्टेरॉन सोडणारी छोटी गाठ निघाली, ती काढली आणि बाई बरी झाली. हा आजार दुर्मिळ समजला जायचा, आता तसं राहिलं नाही, एंडोक्राइन सोसायटी म्हणजे ग्रंथींच्या डॉक्टरांची संघटना, तिच्या २०२५ च्या सूचनांमध्ये तर बीपी असलेल्या सगळ्यांचीच ही तपासणी करावी असं सुचवलंय. तीन गोळ्या घेऊनही उतरत नाही, तरुणपणीच बीपी आलंय, पोटॅशियम कमी येतंय, यातलं काही असेल तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा, "अल्डोस्टेरॉन आणि रेनिन करायची का?"

ही टेस्ट करतानाही चुका होतात आणि पैसे जातात. या आजारात अल्डोस्टेरॉन जास्त आणि रेनिन कमी असतं, म्हणून टेस्टच्या आधी मीठ एकदम बंद केलं तर रेनिन वाढतं आणि आजार झाकला जातो. ॲटेनोलॉलसारख्या बीटा ब्लॉकर गोळीने रेनिन खाली जातं आणि नसलेला आजार दिसू शकतो, स्पायरोनोलॅक्टोन तर साधारण चार आठवडे आधीपासून थांबवावं लागू शकतं, पण हे डॉक्टर ठरवतील, आपण नाही. पोटॅशियम कमी असेल तर आधी ते भरून घ्यायचं. सकाळी उठून दोन तास हिंडून-फिरून, मग थोडा वेळ बसून रक्त द्यायचं. आणि सॅम्पल बाहेरगावी जाणार असेल तर लॅबवाल्याला सांगा, रक्ताची नळी बर्फात ठेवू नको, थंडीने रक्तातलं निष्क्रिय रेनिन सक्रिय होतं आणि रिपोर्ट चुकतो, प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, वेगळा केल्यावर तो लगेच गोठवायचा.

एका बाजूला गाठ निघाली तर दुर्बिणीतून ऑपरेशन होतं, दोन्ही बाजूंचा प्रकार असेल तर स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी, तिने पुरुषांची छाती दुखायला किंवा सुजायला लागली तर लाजून गप्प बसू नका, एप्लेरेनोन नावाचा दुसरा पर्याय आहे. आणि ही गोळी सुरू झाली की पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी टेस्ट) तपासायची तारीख तिथेच विचारून पट्टीवर लिहून घ्या.