टोमॅटोचं बी आणायला जाण्याआधी

माती, शेणखत, पाणी यांवर शब्द घालवत नाही. ऊन मात्र सहा तास हवंच. परड्यात किंवा गच्चीवर तेवढं पडत नसेल तर मेथी-कोथिंबीर टाका आणि मोकळे व्हा.

दुकानाची पायरी चढण्याआधी एक गोष्ट ठरवा: झाड झुडपी हवंय की चढणारं? कंपनी, भाव, पाकिटावरचं लालभडक चित्र, सगळं त्यानंतर. झुडपी जात कमरेएवढी होऊन थांबते आणि बरीचशी फळं थोड्या आठवड्यांत देऊन मोकळी होते. चढणारी थांबतच नाही. पाच-सहा फूट सहज जाते, महिनोन्महिने थोडी थोडी फळं देते आणि सतत आधार मागते. मागच्या खेपेला हेच न विचारता गच्चीवरच्या बादल्यांत चेरी टोमॅटो लावला होता. फळ गोटीएवढं, म्हणजे झाडही बारकंच असणार! चेरीच्या बहुतेक जाती चढणाऱ्या असतात. धुण्याच्या दोरीला जाऊन भिडला आणि वळवाच्या वाऱ्यात बादलीसकट आडवा झाला. तेव्हा फळाच्या आकारावरून झाडाचा अंदाज बांधू नका.

आपल्या बेळगावकडे पाकिटावरचा मजकूर कन्नड किंवा इंग्रजीत असतो. 'डिटरमिनेट' म्हणजे झुडपी, 'इनडिटरमिनेट' म्हणजे चढणारी, 'सेमी' लागलं की मधली. लिहिलेलं नसेल तर विचारा. "सगळं येतंय की ओ, लावा बिनधास्त" एवढंच उत्तर मिळालं तर पाकीट परत ठेवा. हे कळल्याशिवाय शेंडेही खुडायला जाऊ नका: चढणाऱ्या जातीची बगलेतली, म्हणजे पान आणि खोड यांच्या बेचक्यातली फूट काढतात, झुडपी जातीची काढली तर येणारी फळंच काढून टाकता. म्हणून पुन्हा सांगतो, आधी वाढ विचारा.

मग हंगाम. बेळगाव-खानापूर पट्ट्यात मृगाच्या पहिल्या सरीला टोमॅटो लावायचा मोह होतो, तो आवरा. जून ते सप्टेंबर पान सुकतच नाही आणि करपा, म्हणजे पानं करपवणारा रोग, फळापर्यंत पोचतो. गणपती झाले की ट्रेमध्ये बी टाका, २५ ते ३० दिवसांची रोपं दसऱ्याच्या पुढेमागे लावा. अथणी-रायबागकडे पाऊस कमी, त्यांचं गणित वेगळं. उन्हाळ्यात लावणार असाल तर पांढरी माशी येणारच आणि पानं चुरडणार. शिवाय पारा ३५ अंशांच्या वर राहिला की फुलं गळतात.

रोगाचं बघूनच जात निवडा, चवीचं नंतर. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का रक्षक ही संकरित जात चुरडा-मुरडा (पानं चुरडणारा रोग), जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिघांनाही दाद देत नाही. अर्का अभेद उशिरा येणाऱ्या करप्यालाही तोंड देते. मर रोग हसण्यावारी नेऊ नका. हिरवंगार झाड पान पिवळं न पडता मान टाकतं. खोड आडवं कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरा. कापलेल्या जागेतून दुधासारखी धार खाली उतरली की समजा, जिवाणू आहे. औषध मारून उपयोग नाही, झाड उपटून टाका. गेल्या वर्षी बटाटा, वांगं किंवा मिरची होती त्या वाफ्यात टोमॅटो नकोच, सगळं एकाच कुळातलं.

सारासाठी आंबट, पातळ सालीचा गावठी बरा. बाजारातल्या जाड सालीच्या जाती मुळात लांबच्या वाहतुकीसाठी काढलेल्या, घरच्या आमटीला त्यांची काय गरज? कुंडीला पुसा अर्ली ड्वार्फ चालेल, झुडपी आहे. राहुरी कृषी विद्यापीठाच्या धनश्री, भाग्यश्री या सरळ (संकरित नसलेल्या) जाती मिळाल्या तर घ्या. आणि हो, घेताना तिथेही विचारा: झुडपी की चढणारी? कंटाळलात ऐकून? विचारा तरी.

पाकिटावरची मुदत बघा. टोमॅटोच्या बियांची उगवण किमान ७० टक्के लागते, लेबलवर आकडा असतो.

कुंडी निदान १५ लिटरची. आधाराचा कळक (बांबू) रोप लावतानाच रोवा, नंतर रोवलात तर मुळं तुटतात. पाणी बुडाशी, पानांवर नको. एक दिवस भरपूर आणि चार दिवस कोरडं केलंत तर फळं तडकतात, बुडाला काळा डाग पडतो. संकरित जातीचं बी पुढच्या वर्षासाठी धरू नका, सरळ जातीचं धरा: पूर्ण पिकलेल्या फळातलं, दोन दिवस आंबवून, धुऊन, सावलीत वाळवून.