स्पॅनिशमधलं ‘से’ मराठीतून शिका

‘मी हात धुतो’ म्हणताना आपण ‘माझे’ घालत नाही. स्पॅनिशमध्येही ‘मे लाबो लास मानोस’ एवढंच. ‘से’ म्हणजे क्रियापदाला जोडून येणारा, ‘स्वतः’सारखा छोटा शब्द; कर्ता ‘मी’ असला की त्याचं ‘मे’ होतं, ‘तू’ असला की ‘ते’. इंग्रजीच्या वाटेने गेलात की नेमकं ‘मिस मानोस’ (माझे हात) तोंडात येतं.

‘दोर्मिर’ म्हणजे झोपणं, ‘दोर्मिर्से’ म्हणजे डोळा लागणं. ‘इर’ जाणं, ‘इर्से’ निघून जाणं. आणि ‘मे कोमी ला तार्ता’ हे तर आपलं ‘केक खाऊन टाकला’! म्हणून वहीत क्रियापद ‘से’सकट उतरवा, समोर मराठी अर्थ लिहा.

गोची एकच: ‘मला आंघोळ करायचीय’ म्हणजे ‘क्येरो दुचार्मे’, ‘दुचार्से’ नव्हे. समोरच्याला विचारताना तेच होतं ‘क्येरेस दुचार्ते?’ शब्दकोशातलं ‘से’ जसंच्या तसं चिकटवण्याची चूक सगळेच करतात.