मिक्सरच्या शेजारी अजून एक प्लग पाहिजे?

"फक्त एक प्लग वाढवून द्या ओ, दहा मिनिटांचं तर काम आहे." सांगलीत वायरमनकी करताना आठवड्यातून दोनदा तरी हे ऐकतो. प्लग बसवायला दहाच मिनिटं लागतात, हे खरंच आहे. पण मागची वायर कुठून आली, किती जाडीची आहे, जोडीला अर्थिंग आहे का, हे शोधण्यात गावभागातल्या जुन्या घरात अख्खी सकाळ जाते.

आधी कायद्याचं सांगतो. बल्ब, पंखा, फ्यूज, बटण काढून तसंच दुसरं लावायला घरमालकाला मुभा आहे. नवा पॉइंट म्हणजे मात्र वायरिंगमध्ये वाढ. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे ते काम परवानाधारक ठेकेदाराकडून आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. तेव्हा पुढचं सगळं समोर उभं राहून करून घेण्यासाठी वाचा.

तिथं काय लावणार ते ठरवा. साडेसातशे वॅटचा मिक्सर सव्वातीन अँपिअर घेतो, त्याला सहाचा साधा प्लग पुरतो. इंडक्शन शेगडी २००० वॅटची असेल तर भागिले २३०, म्हणजे पावणेनऊ अँपिअर. तिला सोळाचा पॉवर प्लग, डीबीतून (घरभर लाइनी वाटणाऱ्या मेन बोर्डातून) वेगळी लाइन, किमान अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि स्वतःची एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. एका घरात दिव्यांच्या दीड एमएमवरच सोळाचा प्लग बसवलेला होता. एमसीबी सारखी पडते म्हणून कुणीतरी दहाची काढून बत्तीसची घातली होती. बोर्ड उघडला तर वायरीचं रबर कडक होऊन बोटांत चुरलं. बिचारी जुनी एमसीबी पडत होती ती वायर वाचवायलाच! सगळ्या लोडची बेरीज वीजबिलावरच्या मंजूर भारात बसते का, तेही बघून घ्या. नसेल तर महावितरणकडून भार वाढवून घ्यायचा.

आता अर्थिंग. इथं मी स्वतः माती खाल्ली आहे. हेल्पर असताना एका घरात हिरवी, म्हणजे अर्थची वायर सापडेना, म्हणून प्लगच्या आतच न्यूट्रलवरून (वीज परत नेणाऱ्या वायरीवरून) अर्थच्या पिनेला तुकडा जोडला. उस्तादांनी बघितलं आणि सगळ्यांसमोर कान धरला. म्हणाले, "उद्या मागं कुठं न्यूट्रल तुटला तर फेज, म्हणजे चालू वीज, थेट फ्रिजच्या पत्र्यावर येणार. बाई दार उघडायला जाईल तेव्हा तू येणार आहेस का सोडवायला?" लाकडी पट्टीच्या जुन्या वायरिंगमध्ये बऱ्याचदा अर्थ नसतोच. मग डीबीपासून हिरवी वायर ओढायची, पर्याय नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर तीही याच खर्चात बसवून घ्या.

कामाच्या वेळी मेन बंद केला म्हणजे झालं, असं नाही. घरात इन्व्हर्टर असला तर त्याची लाइन चालूच राहते, तोही बंद पाहिजे. टेस्टर आधी चालू प्लगवर लावून बघायचा, मग बंद केलेल्यावर, मग परत चालूवर. टेस्टरच बिघडलेला असला तर न पेटणाऱ्या दिव्यावर विश्वास ठेवून हात घालणारी माणसं मी बघितली आहेत.

पाइपसाठी भिंतीत झिरी सरळ उभी किंवा आडवी मारायला लावा, तिरकी नको. पुढं खिळा ठोकणाऱ्याला अंदाज येतो. गिलावा करण्याआधी पाइपचा फोटो काढून ठेवा. भिंतीत जॉइंट अजिबात नको, जो काय असेल तो बोर्डात. समोरून बघताना वरचं मोठं भोक अर्थ, उजवीकडं फेज, डावीकडं न्यूट्रल. बटण फेजवरच. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर ओढून बघायची.

एक आमच्या सांगलीचं. २०१९ च्या पुरानंतर गावभागात कित्येक बोर्ड उघडले. पट्टीमागं कृष्णेचा गाळ सुकून बसलेला, पितळेच्या टर्मिनलवर हिरवा थर. तेव्हापासून नदीकडच्या घरांत मी प्लग पायापाशी देत नाही, आणि तळमजल्याची लाइन वरच्या मजल्यापासून वेगळी काढतो. पाणी ओसरल्यावर खालचं तपासून होईपर्यंत बंद ठेवता येतं.

शेवटी सिरीजचा बल्ब (होल्डरला दोन वायरी जोडलेला तपासणीचा बल्ब) फेज आणि अर्थमध्ये लावायला सांगा. आरसीसीबी असेल तर ती लगेच पडली पाहिजे. नसेल तर बल्ब पूर्ण पेटला पाहिजे, मिणमिणला तर अर्थिंग कच्चं. मग पॉवर प्लगला इस्त्री लावून चहा घ्या, आम्हालाही द्या. वीस मिनिटांनी प्लगच्या वरच्या प्लास्टिकला हात लावायचा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर पैसे देऊ नका, परत उघडायला लावा.